रात्रपाळीतली कार्मिला

२६ ऑक्टोबर, डब्लिन

काल रात्री घड्याळं तासभर मागे गेली. आता आईचं वाई साडेपाच तास पुढे. रक्ताच्या लॅबमधल्या पाळीत मधली सुट्टी साडेबाराला मिळाली तर आईकडे सकाळचे सहा. तिनं चहा टाकलेला असतो. बोलायला बरी वेळ.

डेम स्ट्रीटवर काळे झगे, खोटे सुळे, पोरांच्या हनुवटीवर लाल रंग. दरवर्षी याच दिवसांत स्टोकरचा उत्सव असतो. त्याचं 'ड्रॅक्युला' १८९७ चं. त्याच्या पंचवीस वर्षं आधी याच गावात शेरिडन ले फानूनं 'कार्मिला' लिहिली, ती कुणाच्या तोंडी नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याचं 'इन अ ग्लास डार्कली' मिळालं. पाच कथा. शेवटची ही.

२७ ऑक्टोबर

आईचं हिमोग्लोबिन ६.४. दादानं व्हॉट्सॅपवर रिपोर्ट पाठवला. खाली लिहिलंय, अशक्तपणा आहे, घाबरू नकोस.

प्लेटलेट कमी. पांढऱ्या पेशीही कमी. बी१२ कमी असलं तरी असं होतं. बी१२ च असू दे.

२९ ऑक्टोबर

'कार्मिला' सुरू केली. पहाटे तीन, दोन नमुन्यांच्या मधे.

ऑस्ट्रियातलं स्टायरिया. जंगलातला एकटा वाडा, खंदक, खंदकात हंस. उजवीकडे पंधरा मैल जंगल, डावीकडे बारा. इंग्रज बाप ऑस्ट्रियाच्या नोकरीतून निवृत्त झालेला. आई लहानपणीच गेलेली. मुलगी लॉरा, एकोणीस वर्षांची. बोलायला सांभाळणाऱ्या दोन बायका आणि बाप, बस. लॉरा आधी भीतीचं काही सांगत नाही, एकटेपणाचं सांगते. चांदण्या रात्री भरधाव बग्गी उलटते. आतली रुबाबदार बाई म्हणते, मला तातडीनं पुढं जायचंय, मुलगी प्रवास करण्यासारखी नाही. तीन महिन्यांसाठी मुलगी इथं ठेवून जाते. नाव नाही, गाव नाही. बाप हो म्हणतो. लॉरा तर आनंदानं वेडी होते. घरात कुणीतरी आलं!

एकट्या माणसाच्या दारात संकट असंच पाहुणं म्हणून येतं. मला हे पहिल्या पानापासून पटलं.

३१ ऑक्टोबर

हॅलोविन. इमर्जन्सीला ओ निगेटिव्हच्या चार पिशव्या गेल्या. वाचन नाही.

२ नोव्हेंबर

आईला गोष्ट सांगायला घेतली. तिनंच विचारलं होतं, सध्या काय वाचतेस. नारायण धारप तिनं वाचनालयातून आणून आणून वाचलेले. बग्गी उलटली इथवर आले नाही तोच म्हणाली, "ती पोरगीच असणार."

म्हटलं, ऐक तरी.

"ऐकते गं. कोण ते कळलं म्हणून गोष्ट संपते होय?"

तिचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. आरवलीचा वेतोबा रात्री गावात फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नव्या वाहतात. म्हणाली, "आमचा फिरतो तो राखणीला फिरतो. हे तिकडचेच बरे घरात शिरून रक्त पितात."

बोलताना मधेच थांबली. धाप लागली होती. मग म्हणाली, दूध उतू गेलं बघ. गेलं नसावं.

५ नोव्हेंबर

सुट्टी. मेरियन स्क्वेअरला गेले. ७० नंबर. आता तिथं आर्ट्स कौन्सिलची कचेरी. ले फानू इथं राहिला आणि इथंच ७ फेब्रुवारी १८७३ ला गेला. त्याची बायको सुझाना १८५८ मध्ये वारली. त्यानंतर त्यानं हळूहळू माणसांत जाणं सोडलं. डब्लिनचे लोक त्याला अदृश्य राजपुत्र म्हणत. रात्री अंथरुणात बसून, दोन मेणबत्त्यांच्या उजेडात, कडक चहा पीत लिहायचा, असं त्याच्या मुलानं सांगितलेलं. म्हणजे रात्रपाळीच.

चौकाच्या कोपऱ्यावर १ नंबरला ऑस्कर वाइल्डचं घर. त्याच्या आईकडे तरुण स्टोकर यायचा. वाइल्ड जिच्या मागे होता त्या फ्लॉरेन्स बाल्कमशी १८७८ मध्ये स्टोकरनं लग्न केलं. ले फानूची भागीदारी असलेल्या 'डब्लिन ईव्हनिंग मेल'मध्ये हाच स्टोकर फुकट नाट्यपरीक्षणं लिहायचा. 'कार्मिला', 'डोरियन ग्रे', 'ड्रॅक्युला'. तिन्हींची मुळं या एवढ्याशा चौकात.

गारठा फार. कानटोपी घ्यायला हवी.

८ नोव्हेंबर

रक्ताच्या पिशव्या न्यायला येणारा पोर्टर क्लॉन्टार्फचा. माझ्या टेबलावरचं पुस्तक बघून म्हणाला, आज स्टोकरचा वाढदिवस. पोर्टरच्या घराजवळच, मरिनो क्रेसेंटच्या १५ नंबरच्या घरात जन्मला. १८४७ साल, आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळातलं सर्वांत काळं वर्ष. सात वर्षांचा होईपर्यंत स्टोकर आजारी, अंथरुणाला खिळलेला. आई शार्लट उशाशी बसून गोष्टी सांगायची. त्यांत १८३२ ची स्लायगोची पटकीची साथ असायची. तिनं ती स्वतः पाहिलेली.

आजारी मुलाला आई पटकीच्या गोष्टी सांगते. लपवत नाही.

११ नोव्हेंबर

आईला पुण्याला नेऊन बोन मॅरो काढली. कमरेच्या हाडातून. तिला सांगितलं, थोडं पाणी काढून तपासतात.

१४ नोव्हेंबर

वॉर्डातून नमुना आला. नळीवरच्या नावात आणि कागदावरच्या नावात एका अक्षराचा फरक. परत पाठवला. नर्स चिडली. चिडू दे. भलत्याच गटाचं रक्त चढलं तर माणूस हाती लागत नाही.

पुन्हा नमुना आला, जुळवला, पिशवी काढली. फ्रीजमधून निघालेली पिशवी अर्ध्या तासात परत आली तरच पुन्हा ठेवता येते. नाहीतर टाकायची. लाल पेशी पस्तीस दिवस टिकतात, दोन ते सहा अंशांत. प्लेटलेट बाहेर, बावीस अंशांत, सतत हलत्या ताटांवर. रात्री त्या ताटांचाच तेवढा आवाज.

१८ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. एमडीएस, हाडातल्या मगजाचा आजार. ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, ७ टक्के. दोन्ही पानं पुन्हा वाचली.

दादाचा फोन. "आईला बी१२ कमी आहे म्हणून सांगितलंय. डॉक्टरांनाही तसं बोलून ठेवलंय. तू काही बोलू नकोस. तिला झेपायचं नाही."

म्हटलं, तिला झेपेल, आपल्याला झेपत नाहीये.

फोन ठेवला त्यानं.

१९ नोव्हेंबर

काही नाही.

२३ नोव्हेंबर

पुन्हा पुस्तक.

कार्मिला दुपारी एकच्या सुमाराला खाली येते. कपभर चॉकलेट पिते, खात काहीच नाही. मग फिरायला जायचं, की दहा पावलांत दमते. घराणं कुठलं, आई कुठं गेली, सांगत नाही. पण केस! दाट, तपकिरी, मधे सोन्याची झाक. लॉरा ते हातात घेऊन त्यांचं वजन बघते, सोडते, पुन्हा वेणी घालते. पानभर नुसतं हे. दोघींनी बारा वर्षांपूर्वी एकमेकींना स्वप्नात पाहिलेलं असतं, दोघी एकमेकींना ते सांगतात. मग कार्मिला तिला जवळ ओढते, गालाला गाल लावते, कानात काहीबाही पुटपुटते. लॉराला ते हवंहवंसंही वाटतं आणि किळसही येते, एकाच क्षणी. एकदा तर तिच्या मनात येतं, हा बाईच्या वेषात शिरलेला कुणी मुलगा तर नसेल?

हे १८७१-७२ मध्ये छापलं. 'द डार्क ब्लू' मासिकात, डिसेंबर ते मार्च, क्रमशः. धाडस माणसाचं.

आधीचं पिशाच म्हणजे पॉलिडोरीचा लॉर्ड रुथ्वेन, १८१९ चा. उमराव, बैठकींत वावरणारा, बायकांना नासवणारा. ले फानूनं पिशाच तुमच्या वयाची मैत्रीण करून टाकलं. तिच्यासाठी खोली झाडून घेतली, पांघरूण काढून दिलं.

आणि तिचं प्रेम खोटं नाही. शेवटी पुस्तकच सांगतं: ही पिशाचं गावातल्या पोरींवर एकदम झडप घालतात, पण एखाद्या माणसात जीव अडकला तर महिनोन्महिने मनधरणी करतात. खेड्यातल्या पोरी तिला नुसत्या भूक भागवायला लागतात. लॉरा हवी असते. याला प्रेमकथा न म्हणणाऱ्यांनी ते केसांचं पान पुन्हा वाचावं.

२४ नोव्हेंबर

आईला केसांपर्यंत सांगितलं. म्हणाली, "माझे गळायला लागलेत हल्ली. बी१२ नं गळतात का गं?"

रेंज गेल्यासारखं केलं नाही. पण उत्तरही दिलं नाही.

२७ नोव्हेंबर

गावात मुली मरतायत. कुणी म्हणतं ताप, कुणी म्हणतं पिशाच. वनरक्षकाच्या मुलीची अंत्ययात्रा वाड्याजवळून जाते. लॉरा उभी राहून भजनात सूर मिसळते. कार्मिला कानांत बोटं घालते, थरथरते, संतापते. बाप सगळ्यांना समजावतो, हे निसर्गातलंच आहे, अडाणी लोक एकमेकांना भीती लावतात.

बरोबरच होतं त्याचं, त्या काळात. कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये, कथेनंतर दहा वर्षांनी. तोवर एका घरात एकामागून एक माणूस वाळत जाई, गाल लाल, डोळे चमकणारे, आणि कारण कुणालाच माहीत नसे. आधी गेलेलं माणूस उरलेल्यांना ओढतंय, असं वाटणं अगदी साहजिक.

ले फानूला हा रोग पाहून ठाऊक असणार. लॉराचं आजारपण तो वैद्यासारखं लिहितो. सकाळी उठल्यावर थकवा. फिकटपणा. डोळ्यांखाली काळं. दुखत काहीच नाही. आणि सगळ्यांत खरं म्हणजे तिला ते बुडत जाणं वाईट वाटत नाही. एक प्रकारची गोडी असते त्यात. बापाला सांगत नाही. डॉक्टर नको म्हणते.

आईलाही नको होता. तीन महिने जिना चढताना बसत होती आणि म्हणत होती, वय झालं.

४ डिसेंबर

आईला साताऱ्यात पहिली पिशवी. ओ पॉझिटिव्ह.

संध्याकाळी तिचाच फोन. "आत जाताना गार लागतं गं हाताला. कोपरापर्यंत कळत होतं." मग, "कुणाचं असेल?"

"ते कळत नाही आई."

"ज्याचं असेल त्याचं भलं होवो. चपातीला चव लागली आज."

५ डिसेंबर

रात्रभर तेच डोक्यात. 'ड्रॅक्युला'तली लुसी. तिला चार पुरुषांचं रक्त देतात: आर्थर, सिवर्ड, व्हान हेल्सिंग, शेवटी क्विन्सी मॉरिस. नळी लावली आणि दिलं. गट बघणं नाही, जुळवणं नाही. बघणार कसे? रक्तगट लँडस्टायनरनं व्हिएन्नात शोधले, १९०१ साली. पुस्तक आलं १८९७ मध्ये. चौघांचं रक्त एकीला, आणि ती त्या रक्तानं मरत नाही, हे माझ्या टेबलावरून बघताना पिशाचाहून अशक्य वाटतं. तरी ती पानं वाचताना दरवेळी मी त्या चौघांच्या बाजूनं असते. बाही वर करून बसलेला माणूस कधी खोटा वाटत नाही.

आमच्या शिकवणीत पहिल्या आठवड्यात बॉम्बे रक्तगट. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. वरवर ओ दिसतो, पण ओ चंही रक्त चालत नाही. इथल्या पोरांना शिकवताना मी भेंड्यांचं नाव पूर्ण घेते.

९ डिसेंबर

ग्रात्सहून जुनी चित्रं साफ करून येतात. लॉराच्या आईच्या माहेरची. एकावर तारीख १६९८. काजळी निघाली आणि आत कार्मिला! तोच चेहरा, गळ्यावरचा तीळसुद्धा. कोपऱ्यात नाव, मिरकाला, काउंटेस कार्नस्टाइन. लॉरा बापाला विचारते, माझ्या खोलीत लावू का? बाप हसतो, लाव म्हणतो.

कार्मिला, मिरकाला, आणि दुसऱ्या एका घरात मिलार्का. अक्षरं तीच, मागेपुढे केलेली. पिशाचाला नवं नाव घेता येत नाही, आपलीच अक्षरं फिरवावी लागतात. मी असते तर नमुना परत पाठवला असता.

आणि मुख्य गोष्ट अशी की लॉराची आई कार्नस्टाइनांचीच. म्हणजे रक्त प्यायला आलेली आजोळची आहे. परकी नाहीच. कुठल्याशा जंगलातून नाही, घरातल्याच वंशावळीतून आली. आपल्याकडे पहिलाच प्रश्न असतो, घरात कुणाला होतं का?

१३ डिसेंबर

चार वाजून सहा मिनिटांनी सूर्य मावळला. उगवला होता साडेआठनंतर. मी तो पाहिलाच नाही.

१६ डिसेंबर

आईला मांजराचं सांगितलं. रात्री लॉराच्या पलंगाच्या पायथ्याशी मोठं काळं मांजरासारखं जनावर येरझारा घालतं, खोली काळोखी होत जाते, मग ते उडी मारतं आणि छातीत दोन सुया टोचल्यासारखं होतं. मग पुढं कधीतरी एक रात्र. अंधारात गोड पण भयंकर आवाज येतो: तुझी आई तुला सावध करतेय, खुनी माणसापासून जप. त्याच क्षणी उजेड होतो आणि पलंगाशी कार्मिला उभी, पांढरा झगा, हनुवटीपासून पायांपर्यंत रक्तानं भिजलेली. लॉराला वाटतं, कार्मिलाचाच कुणी खून करतंय. ओरडत तिला वाचवायला धावते.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मेलेली आई येऊन सांगते. आणि जिवंत बाप?"

म्हटलं, पुढं आहे ते.

१८ डिसेंबर

दादाला फोन केला. म्हटलं, तिला माहीत हवं. पुढच्या औषधाचं तिनंच ठरवायचं आहे. महिन्यातले सात दिवस पोटात इंजेक्शन, कधी बरं वाटेल, कधी नाही. घ्यायचं की नाही हे तू कसं ठरवणार?

"आणि हाय खाल्ली तिनं तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा आवाज चिरकला होता. रोज साताऱ्याला तोच नेतोय, वहिनी डबा करतेय. मी इथं पिशव्या मोजतेय. हेही खरं.

२१ डिसेंबर

लायब्ररीचा प्रसंग. मला या पुस्तकातला सर्वांत भयानक हाच वाटतो.

डॉक्टर लॉराला तपासतो. गळ्याखाली निळसर डाग, करंगळीच्या टोकाएवढा. मग बापाशी बाजूला जाऊन बोलतो. लॉरा दुरून बघते, दोघे वाद घालतायत, ऐकू येत नाही. डॉक्टर सांभाळणाऱ्या बाईला बजावतो, हिला क्षणभरही एकटी सोडू नका. लॉरा विचारते, बाबा, काय म्हणाले डॉक्टर? काहीतरी सांगा. बाप म्हणतो, काही नाही, बरी होशील, एकदोन दिवसांत सगळं कळेल, आता प्रश्न विचारून डोकं खाऊ नकोस.

डाग तिच्या अंगावर. रक्त तिचं. माहिती सगळ्यांना, ती सोडून.

पुढची सगळी गोष्ट अशीच. सेनापती श्पील्सडॉर्फ येतो, त्याची भाची अशीच गेलेली. तो बापाला सांगतो, लॉरा शेजारी बसून ऐकते आणि तिला आपोआप कळतं. मुद्दाम समोर बसवून तिला कुणी सांगत नाही.

२५ डिसेंबर

नाताळ. बस बंद. पाळी संपवून चालत घरी. रस्त्यावर एक माणूस नाही.

२८ डिसेंबर

आईला दुसरी पिशवी. या वेळी ताप आला थोडा.

४ जानेवारी

सकाळी सहा, तिच्याकडे. लायब्ररीचा प्रसंग सांगितला. गाळून पुढं जाता आलं असतं. गाळला नाही.

तिनं सगळं ऐकलं. कपबशीचा आवाज आला.

"त्या पोरीला बापानं सांगितलं नाही."

"नाही."

"तू लॅबमध्ये आहेस. रिपोर्ट बघितलाच असशील. मला काय झालंय?"

पिशव्यांचा फ्रीज पाठीमागं गुरगुरत होता. खुर्चीवर बसले आणि सांगितलं. नाव सांगितलं. हाडाच्या आतला मगज रक्त करायचं विसरतोय म्हणून सांगितलं. रक्त किती दिवसांनी लागेल, औषध काय आहे, काय होऊ शकतं, तेही. वर्षांचं तिनं विचारलं नाही, मीही बोलले नाही.

म्हणाली, "मला वाटलंच होतं. बी१२ ला कुणी पुण्याला नेतं का?" मग म्हणाली, "दादावर रागावू नकोस. माझ्यासमोर रडता येत नाही म्हणून तो पोरगा मोरीत जाऊन नळ सोडतो."

५ जानेवारी

दादाचा फोन. अर्धा तास. सुरुवातीला भांडण, मग नाही.

११ जानेवारी

उद्ध्वस्त कार्नस्टाइन, पडकं देऊळ. सेनापती बोलत असताना कार्मिला कमानीतून आत येते. लॉरा हसून उठणार, इतक्यात सेनापती कुऱ्हाड उचलतो आणि कार्मिलाचा चेहरा जनावरासारखा होतो. ती नाजूक हातानं त्याचं मनगट धरते, कुऱ्हाड खाली पडते. आणि ती नाहीशी. लॉरानं तिला पाहिलं ते शेवटचं. घरी आल्यावर लॉरा आधी तिलाच शोधते.

कबर उघडल्याचं ले फानू लॉराच्या डोळ्यांनी दाखवतच नाही. शाही आयोगाच्या अहवालाची नक्कल देतो. शिशाची पेटी, सात इंच रक्त, डोळे उघडे, मंद श्वास. दोन डॉक्टर हजर, सह्या केलेल्या. छातीत खुंटी, शिरच्छेद, राख नदीत.

हे त्यानं हवेतून काढलेलं नाही. ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या सर्बियात १७३२ मध्ये लष्करी सर्जनांनी खरोखरच कबरी उघडून असा अहवाल सह्यांनिशी दिला होता. सगळ्या युरोपात वाचला गेला. पुढे १७५५ मध्ये मारिया थेरेसानं आपला वैद्य व्हान स्वीटन याच्या सल्ल्यावरून कबरी उकरणं, खुंट्या ठोकणं बंद केलं. कागदावरचा हा शांतपणा ले फानूनं उचलला. जिच्या केसांची लॉरानं वेणी घातली तिचं मरण सरकारी भाषेत. मी रोज रात्री त्या भाषेत लिहिते, मला त्यातली थंडी ठाऊक आहे.

स्टोकरच्या टिपणांत ड्रॅक्युलाचं घर आधी स्टायरियातच होतं, नंतर ट्रान्सिल्व्हेनियाला हललं. १९१४ मध्ये आलेल्या 'ड्रॅक्युलाज गेस्ट'मध्ये बर्फात एक थडगं लागतं, आत झोपलेली सुंदर बाई, ग्रात्सची काउंटेस. कार्मिलाच ती. गुरूचं ऋण असं फेडलंय.

१८ जानेवारी

आईला शेवट सांगितला. बाप लॉराला इटलीला नेतो, वर्षाहून अधिक. दहा वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर ती हे लिहितेय, हात थरथरतो. कधी तिला आठवते ती हसरी, दमलेली मैत्रीण, कधी देवळातला तो राक्षसी चेहरा. अजूनही दिवाणखान्याच्या दाराशी तिची हलकी पावलं ऐकू आल्याचा भास होतो. आणि पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला छापलंय की लिहिणारी आता हयात नाही.

आई म्हणाली, "बाकी ठीक. पण बापाचं चुकलं."

म्हटलं, आधी सांगितलं असतं तरी कार्मिलाला मारलंच असतं त्यांनी.

"मारू देत. त्या पोरीला निरोप तरी घेता आला असता."

इतकी वर्षं या पुस्तकावर लोक लिहितायत. हे मी कुठं वाचलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

हॅरॉल्ड्स क्रॉस. माउंट जेरोम स्मशानभूमी. ले फानूची पुण्यतिथी. सुझानाला ठेवलं त्याच तळघरात तोही आहे. वरची अक्षरं पुसट. पाऊस. दुसरं कुणी आलेलं नव्हतं.

ज्यांनी 'ड्रॅक्युला' वाचलाय त्यांनी 'कार्मिला' वाचावीच. दोन रात्रींत होते. उत्सव नसला तरी चालेल, वाचक हवेत.

९ फेब्रुवारी

रजा मंजूर. दुबईवरून मुंबई, २१ ला पोचते.

आईनं डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे ऐकून मग ठरवणार आहे. मला फोनवर वाचून दाखवले. एकोणीस आहेत. दादा म्हणाला, वीस कर, एक माझा.

डॉक्टरांची वेळ २४ ची, सकाळी साडेदहा. तिनं स्वतः फोन करून घेतली.